खिडकीतल्या नाजूक फुलझाडांनी नाशिकचा हिवाळा काढायचा कसा?

डोंबिवलीची_मैना | १६ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही डोंबिवलीहून नाशिकला आलो. पाथर्डी फाट्याजवळ, दुसरा मजला. हॉलच्या खिडकीला चांगली दीड फूट बाहेर आलेली बॉक्स ग्रिल आहे. हौसेने त्यात दोन लांबट प्लँटर आणि काही कुंड्या मांडल्या. पावसाळ्यात दृष्ट लागेल असा बहर होता. लागलीच बहुतेक.

डिसेंबर लागल्यापासून एकेक जण मान टाकतोय. अडेनियमची पानं पिवळी होऊन गळताहेत. कॅलेडियम दिवाळीनंतर जे आडवं झालं ते उठलंच नाही. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच पडतात. कोलियसवर गेल्या आठवड्यातल्या त्या थंड रात्रीनंतर पाणी भरल्यासारखे काळपट डाग आलेत. इंपेशन्सची वाढ थांबली आहे. मोगरा आहे की गेला, तेच कळत नाही. एकटं जिरेनियम मजेत फुलतंय.

पाणी रोज सकाळी सातला, ऑफिसला निघण्याआधी, डोंबिवलीत घालायचे तेवढंच. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत. खिडकी दक्षिणेला आहे, शेवटचा थोडा भाग पूर्वेकडे वळतो.

यूट्यूबवर एक बाई झाडं उपटून, माती झटकून, कागदी पिशवीत घालून तळघरात ठेवताना दाखवते. आमच्याकडे तळघर नाही, माळा आहे. तिथे ठेवू का? सासूबाई म्हणतात सगळं उचलून हॉलमध्ये आण. ह्यांचं मत, झाडांना कसली आलीये थंडी. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

शंकासुर | १६ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, माळ्यावर गाद्या ठेवतात, जिरेनियम नाही.

माझं स्पष्ट मत: ही सगळी मोसमी भानगड आहे. चहा-वड्याच्या पैशात नर्सरीत नवीन रोप मिळतं. फेब्रुवारीअखेर ग्रिल रिकामी करा, नवीन आणा, विषय संपला. रात्रीच्या थंडीत कुंड्या आत-बाहेर करत बसायला आपण काय ड्युटीवर आहोत का?

---

पारिजातक | १६ डिसेंबर, रात्री १०:३१

वाचतेय. आमच्याकडेही अबोलीने संप पुकारलाय.

---

गंगापूररोडची_माळीण | १७ डिसेंबर, सकाळी ११:१५

मैना, वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुझ्या यादीतली निम्मी झाडं आजारी नाहीतच. ती झोपली आहेत, आणि झोपलेल्याला तू रोज सकाळी सातला आंघोळ घालते आहेस. थंडीने मेली म्हणून जी झाडं लोक फेकतात, त्यातली पुष्कळशी पाण्याने मेलेली असतात. हे माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

डोंबिवलीत समुद्राची कृपा असते, रात्रीही हवा फारशी उतरत नाही. इथे आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे ९-१०, असं चालतं. मूळची गरम दमट प्रदेशातली जी झाडं आहेत (कोलियस, इंपेशन्स, कॅलेडियम, अबोली), त्यांना इजा व्हायला बर्फ पडावा लागत नाही. पारा १० अंशांच्या खाली गेला की त्यांच्या पेशींची आवरणं बिघडायला लागतात, आतलं पाणी बाहेर झिरपतं. तुझ्या कोलियसवरचे पाणी भरल्यासारखे डाग तेच आहेत. ती बुरशी नाही, औषध मारत बसू नकोस.

आता एक कर. ग्रिलपाशी जा आणि नीट बघ, काळी पानं कुठली आहेत. पैजेवर सांगते, सगळ्यात बाहेरच्या टोकाची असतील. छज्ज्याच्या सावलीतली, भिंतीला लागून असलेली पानं धड असतील. निरभ्र रात्री पान आपली उष्णता सरळ आभाळाकडे टाकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. डोक्यावर छज्जा असला की हे बरंच वाचतं. शिवाय भिंत दिवसभर तापलेली असते, ती रात्री ऊब सोडते. म्हणून पहिलं काम, नाजूक कुंड्या बाहेरच्या सळ्यांपासून काढून भिंतीकडे सरकव आणि सळ्यांपाशी जिरेनियम ठेव. पान लोखंडाला टेकू देऊ नकोस, काचेलाही नाही.

पाणी. सकाळी सातला गच्चीच्या टाकीतलं पाणी हाताला झोंबतं. ते तू रात्रभर गारठलेल्या मुळांवर ओततेस. त्या वेळी मूळ पाणी ओढतच नाही, माती नुसती थंड चिखल होऊन राहते. बादली रात्री स्वयंपाकघरात भरून ठेव आणि पाणी ऊन कुंडीवर आल्यावर घाल. ऑफिसच्या दिवशी जमणार नसेल तर सासूबाईंना दहा-साडेदहाला सांग, पण माप तू ठरवून दे, कारण सासूबाई मायेने दुप्पट घालतात. (माझ्याही घालायच्या.)

किती घालायचं हे अगरबत्तीच्या जळलेल्या काडीला विचार. काडी कुंडीत बोटभर खोल खुपस, मिनिटभराने काढ. माती चिकटून काडी ओलसर आली तर त्या दिवशी सुट्टी. कोरडी आली तरच पाणी. डिसेंबरमध्ये माझ्याकडे जास्वंदीलाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागतं, त्याहून जास्त नाही.

अडेनियम पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं झाड, पाणी त्या फुगीर खोडात साठवतं. थंडीत पानं गाळणं हा त्याचा स्वभाव आहे. पाणी पूर्ण बंद. खोड अंगठ्याने दाबून बघ, टणक असेल तर निश्चिंत राहा. पाऊस लागणार नाही, ऊन लागेल, एवढंच त्याला पुरे.

कॅलेडियम तर गेलंच नाहीये! त्याचा कंद मातीत आहे. पानं वाळली की कुंडी उचल, पाणी बंद कर आणि घरात डायनिंग टेबलाखाली ढकलून दे. होळीपर्यंत विसर. कंद उकरून कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवणारेही आहेत, मी ठेवत नाही. उकरताना जखम झाली की तिथूनच सडतो.

आपल्या डोंगरात हे रोजचंच आहे की. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पं पावसाळ्यात फुलतात आणि नंतर वरचा भाग वाळून जातो, कंद खाली तसाच झोपून राहतो. त्याला हिवाळ्यात कोण पाणी घालतं?

गांडूळखत आता बंद. गार मातीत मुळं ते उचलत नाहीत. चुकून उचललंच तर कोवळी लुसलुशीत फूट येते आणि पुढच्या थंड रात्री तीच आधी करपते. छाटणीही नको, छाटलं की झाड फुटायला बघतं.

मोगऱ्याचं आणि बाकीचं संध्याकाळी लिहिते, दारात भाजीवाला आलाय.

---

गच्चीवाला | १७ डिसेंबर, दुपारी १:२०

उत्तम प्रतिसाद. फक्त एक भर: एवढं सरकवण्यापेक्षा ग्रिलला बाहेरून पारदर्शक प्लास्टिक लावून टाका. तयार ग्रीनहाऊस. आमच्या शेजाऱ्यांनी केलंय, दिसायलाही बरं दिसतं.

---

द्राक्षबाग | १७ डिसेंबर, रात्री ८:४५

निफाड तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडचा पारा पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या नावाने छापून येतो, शहरापेक्षा नेहमी दोन-चार अंश खालीच. नाशिककरांची थंडी आमच्या हिशेबात वसंत ऋतू.

गच्चीवाले भाऊ, प्लास्टिक लावा पण दोन गोष्टी बघा. दिवसा ते उघडलंच पाहिजे. दक्षिणेच्या उन्हात बंद प्लास्टिकमध्ये दुपारी भट्टी होते आणि रात्री तेच प्लास्टिक आतून घामेजून पानांवर टिपकतं. ओलं पान, कोंदट हवा, गारवा, म्हणजे करप्यासारख्या बुरशीच्या रोगांना आवतणच. दुसरं म्हणजे पातळ प्लास्टिक पानाला टेकलं तर तेवढं पान जळतं. त्यापेक्षा जुनं सुती लुगडं किंवा गोणपाट बरं. चार काड्या उभ्या करून त्यावर टाकायचं, कडा प्लँटरच्या खालपर्यंत येऊ द्यायच्या म्हणजे मातीची ऊब आत राहते. सकाळी ऊन आलं की काढायचं.

आम्ही बागेत पहाटे शेकोट्या करतो, ठिबक चालू करतो. विहिरीचं, बोअरचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा गरम असतं, त्याने जमीन ऊब धरते. ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते हेही खरं. पण हे मोठ्या रानाचं गणित आहे. कुंडीत दोन ओंजळी माती, ती काय ऊब साठवणार? तिथे माळीणताईंचंच बरोबर, कोरडं ठेवा. नाहीतर कोणीतरी "निफाडचा शेतकरी थंडीत पाणी देतो" एवढंच वाचून कुंडीत तांब्या रिकामा करेल.

आणखी एक. वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन खाली बसते. तळमजल्याच्या बागेत जे करपतं ते दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर वाचू शकतं. मैनाताई, तुमची खिडकी त्या मानाने सुखात आहे.

---

शंकासुर | १७ डिसेंबर, रात्री ९:१०

द्राक्षबाग, घडांना पेपर गुंडाळता ते थंडीसाठीच का? परवा दिंडोरीकडे जाताना पाहिलं. पूर्ण बाग वर्तमानपत्र वाचत उभी होती.

---

द्राक्षबाग | १७ डिसेंबर, रात्री ९:३२

हो. दिवसाचं ऊन आणि पहाटेचा गारठा यात फार फरक पडला की हिरव्या वाणाच्या मण्यांवर गुलाबी छटा येते, आम्ही पिंक बेरी म्हणतो. बाहेरचा खरेदीदार मग घेत नाही. पेपरने तो फरक थोडा कमी होतो. मजुरी किती जाते ते विचारू नका. अवांतर झालं, क्षमस्व.

---

गंगापूररोडची_माळीण | १७ डिसेंबर, रात्री १०:०२

अवांतर कसलं, मुद्दा तोच आहे. गुंडाळायचं ते कागद किंवा कापड.

राहिलेलं लिहिते. मोगरा जिवंत आहे. काडी नखाने जरा खरवडून बघ, आत हिरवं दिसलं की झालं. आत्ता त्याला आठवड्यातून एकदा घोटभर पाणी, बास. त्याला ही विश्रांती लागतेच, नाहीतर उन्हाळ्यात नुसती पानं येतात. जानेवारीअखेर राहिलेली पानं ओरबाडून टाक, काड्या निम्म्या छाट, वरची दोन बोटं माती उकरून शेणखत घाल आणि मग पाणी सुरू कर. मार्च-एप्रिलला वेणीपुरती फुलं घरची.

जास्वंदीच्या कळ्या पडतात त्या गारठ्याने आणि पाण्याच्या अनियमिततेने. कळीचं देठ उघडून आत बारीक अळी नाही ना हेही बघ. अळी नसेल तर काही करू नकोस. तिला सगळ्यात जास्त ऊन मिळेल अशा कोपऱ्यात ठेव.

ऊन म्हटलं म्हणून सांगते, दक्षिणेची खिडकी मिळाली हे तुझं भाग्य. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर. या दिवसांत दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं. जूनमध्ये तो डोक्याच्याही जरा उत्तरेला सरकतो आणि तीच खिडकी दुपारी सावलीत जाते. म्हणजे उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. लोक पश्चिमेची खिडकी घेऊन वर्षभर रडतात.

म्हणूनच सगळं उचलून हॉलमध्ये नेऊ नकोस. आत उजेड पुरत नाही, इंपेशन्स उंच आणि किडकिडीत होईल, पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) येईल. फक्त कोलियस आणि इंपेशन्स रात्री आत, सकाळी बाहेर. तेही पारा १० च्या आसपास जाणार असेल त्या रात्रीच. आत घेतल्यावर काच आणि पडदा यांच्या मधल्या फटीत ठेवू नकोस, तिथे खोलीपेक्षा गार असतं. पडद्याच्या अलीकडे, टीपॉयवर.

आणि शंकासुर, कोलियससाठी तुमचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. जुनं झाड हिवाळ्यात सांभाळण्यापेक्षा वरची चार-चार बोटांची शेंडी तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवावी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गॅसपासून लांब, उजेडात. एरवी आठवड्यात मुळं फुटतात, थंडीत जरा जास्त लागेल. त्या कलमांवर पुढचं वर्ष. खरं तर हे दसऱ्याच्या सुमारास करायचं काम, पण अजून धड शेंडे असतील तर चालेल.

---

टोरांटोचा_बाळू | १८ डिसेंबर, पहाटे ४:५०

मूळचा नाशिकरोडचा, आता अठरा हिवाळे कॅनडात. त्या यूट्यूबवाल्या बाई आमच्यासाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत!

आमच्याकडे ऑक्टोबरात पहिलं हिम पडायच्या आत जिरेनियम उपटतात, मुळांची माती झटकतात आणि कागदी पिशवीत घालून किंवा उलटं टांगून तळघरात ठेवतात. तिथे ५ ते १० अंश असतं, अंधार असतो. महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात भिजवायची, परत टांगायची. मार्चमध्ये कुंडीत लावायची. कंदवाले बेगोनिया आणि डेलिया उकरून कोरड्या पीटमध्ये खोक्यात. फुक्शियाची पानं काढून, फांद्या छाटून, कुंडीसकट तळघरात, अगदी थोडं पाणी. हे सगळं का, तर बाहेर उणे पंधरा-वीस असतं. तिथे झाड झोपवलं नाही तर मरतंच.

नाशिकला माळ्यावर डिसेंबरातही दुपारी वीसच्या वर तापमान असणार. त्या तापमानात झाड झोपत नाही, अंधारात उपाशी मरतं. आणि जिरेनियम तर तुमच्या हिवाळ्यातच खुशीत असतं. ते मूळ दक्षिण आफ्रिकेचं. खरं नाव पेलार्गोनियम, पण नर्सरीत त्या नावाने मागितलं तर नर्सरीवाला आपल्याकडेच संशयाने बघतो. त्याला उपटायचं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला दवाखान्यात नेण्यातला प्रकार. राहू द्या, फुलू द्या, वाळलेली फुलं देठापासून मोडत राहा.

बाकी तिकडे हुरडा सुरू झाला का? फोटो टाकू नका, प्लीज.

---

नवशिका_माळी | १८ डिसेंबर, सकाळी ९:२५

धाग्यात घुसखोरी करतोय. सिडकोत राहतो, तिसरा मजला. गेल्या वर्षी नाताळात आणलेलं पॉइन्सेटिया जगवलंय, झाड दणकट आहे, पण या वर्षी पानं लाल व्हायचं नाव नाही. सगळं हिरवंगार. खत कमी पडतंय का?

---

गंगापूररोडची_माळीण | १८ डिसेंबर, दुपारी १२:४०

खिडकीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का?

---

नवशिका_माळी | १८ डिसेंबर, दुपारी १:०५

अगदी समोर! या वर्षीच नवा पांढरा एलईडी बसवला. रात्री खोलीत पेपर वाचता येतो. तुम्हाला कसं कळलं?

---

गंगापूररोडची_माळीण | १८ डिसेंबर, रात्री ९:१५

पॉइन्सेटिया मेक्सिकोचं. ज्याला आपण फुलं म्हणतो ती लाल पानं आहेत, खरी फुलं मधली ती बारीक पिवळी. रात्र मोठी झाली की त्याला कळतं, आता रंगायचं. पण रात्र म्हणजे सलग काळोख. आत्ता नाशिकमध्ये दिवस जेमतेम ११ तासांचा आहे, म्हणजे काळोख भरपूर मिळायला हवा, पण तुमच्या दिव्याने त्याची रात्रच होऊ दिली नाही. शेवंतीलाही हाच त्रास होतो.

या वर्षी वेळ गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून दोन महिने रोज संध्याकाळी सहाला वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, सकाळी आठला काढा. किंवा दिवा न दिसणाऱ्या खिडकीत ठेवा, खोक्याचा नेम फार कमी जणांच्याने पाळला जातो. झाड तोडताना चीक अंगाला लावून घेऊ नका, खाज येते. आणि गारठ्यात त्यालाही पाणी कमीच. दिव्याबद्दल नगरसेवकाकडे जाऊ नका, चोराची भीती जास्त महत्त्वाची.

---

डोंबिवलीची_मैना | २० डिसेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. माळीणताई, तुमची पैज तुम्ही जिंकलात. कोलियसची काळी पानं खरंच सळ्यांकडच्या बाजूचीच आहेत, भिंतीकडची एकूण एक धड. शेंडे तोडून पेल्यात ठेवलेत.

काडीची परीक्षा घेतली. सगळ्या कुंड्या ओल्या निघाल्या, त्यामुळे गेले काही दिवस पाण्याला पूर्ण सुट्टी. सासूबाईंना पटत नाहीये, "तहानलेलं झाड शाप देतं" म्हणतात.

प्रश्न अडेनियमचा. खोड दाबलं तर एक बाजू टणक आहे, पण मातीलगत एके ठिकाणी अंगठा दबतो. तिथली साल सुरकुतली आहे आणि रंग तपकिरी. काय करू?

---

गंगापूररोडची_माळीण | २० डिसेंबर, रात्री १०:२०

सड लागलीये, पण एकाच बाजूला आहे म्हणजे वाचेल. उद्या सकाळीच कर, लांबवू नकोस.

झाड कुंडीतून काढ, माती पूर्ण झटक. धारदार चाकू घे, आधी आच दाखवून किंवा स्पिरिटने पुसून. मऊ भाग कापत जा, तपकिरी गर दिसतोय तोवर दया दाखवायची नाही. पांढरा-हिरवट, कोरडा, टणक गर लागला की थांब. एक कण जरी तपकिरी राहिला तरी तिथून परत पसरतो. दर कापाला पातं पूस. मुळंही तशीच बघ, दाबून पोकळ लागतील ती काढ. हातमोजे घाल, त्याचा चीक विषारी असतो, हात डोळ्याला लावू नकोस, लेकरांना लांब ठेव.

मग जखमेवर बुरशीनाशकाची पूड, नसेल तर हळद चालते, आणि झाड तसंच उघडं, सावलीत, वारा लागेल असं आठवडा-दोन आठवडे ठेव. पाणी नाही, माती नाही. थंडीत जखम सुकायला वेळ लागतो. ती कडक कोरडी झाली की मोठी वाळू, विटांचा चुरा आणि थोडंसं खत अशा भुसभुशीत मिश्रणात लाव, खोड आधीपेक्षा जरा वर ठेवून. पाणी मात्र फेब्रुवारीत नवं पान दिसेपर्यंत घालायचं नाही. सासूबाईंना सांग, या झाडाचा शाप मी घेते.

---

शंकासुर | २० डिसेंबर, रात्री १०:४५

एवढ्या शस्त्रक्रियेपेक्षा नवीन अडेनियम... बरं, गप्प बसतो.

---

पारिजातक | २१ डिसेंबर, सकाळी ७:५०

नका बसू गप्प, तुमच्यामुळे धागा वर राहतो.

माझ्या अबोलीचं आणि पेंटगूळचं सांगेल का कुणी? पेंटगूळची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी म्हणून नर्सरीवाल्याने दोन बाटल्या गळ्यात मारल्या.

---

द्राक्षबाग | २१ डिसेंबर, रात्री ७:१५

निदान बरोबर आहे, पण मातीत लोह नाही असं नाही. माती गार असली की मुळं ते उचलत नाहीत. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, त्यात भरच पडते. बाटली वापरायचीच तर अगदी सौम्य करून पानांवर फवारा, सकाळी ऊन आल्यावर. मुळाशी ओतून आत्ता काही होणार नाही. फेब्रुवारीत मातीला ऊब आली की बरीचशी पानं आपोआप हिरवी येतील. दुसरी बाटली परत घेतो का विचारून बघा.

---

डोंबिवलीची_मैना | ११ जानेवारी, रात्री ९:०५

धागा वर काढते. परवाच्या लाटेत आमच्याकडे पहाट फारच कडक होती. सासूबाईंचं जुनं सुती नऊवारी द्राक्षबाग यांनी सांगितलं तसं काड्यांवर पांघरलं. आतलं सगळं ठीक आहे. एका कोपऱ्यात पातळ घसरून इंपेशन्सची फांदी उघडी राहिली, तेवढीच लोळली.

कोलियसच्या कलमांना मुळं आली, आता छोट्या कुंड्यांत आहेत. अडेनियम पेपरवर आडवं पडून आहे, जखम खडखडीत वाळली. जास्वंदीला कळ्या धरून राहिल्यात, गळणं थांबलं. ह्यांनी काल स्वतःहून काडी खुपसून पाहिली, हे विशेष.

आता पुढे कधी काय सुरू करू? संक्रांतीनंतर थंडी कमी होते असं ऐकलंय.

---

गंगापूररोडची_माळीण | १२ जानेवारी, सकाळी ११:३०

संक्रांतीला तीळगूळ खायचा, कुंड्यांना हात लावायचा नाही. नाशिकमध्ये फेब्रुवारीतही एखादी लाट येऊन जाते. तारखेवर जाऊ नकोस, डोळ्यांवर जा. जास्वंदीच्या पेरावर मोहरीएवढे हिरवे डोळे फुगलेले दिसले की तिची छाटणी आणि खत सुरू. अडेनियमच्या टोकाला पान डोकावलं की पहिलं पाणी. मोगऱ्याचं तेवढं जानेवारीअखेर उरकून टाक, त्याला थंडीचं वावडं नाही. कॅलेडियमची कुंडी होळीच्या सुमारास बाहेर काढ, थोडं पाणी दे आणि वाट बघ. कोंब यायला वेळ लागतो, उकरून बघायची नाही.

---

शंकासुर | १२ जानेवारी, दुपारी २:१०

मैनाताई, जिरेनियमचा फोटो टाका की. सगळ्यांचे आजारपणाचे किस्से झाले, धडधाकट माणसाला कुणी विचारत नाही.

---

डोंबिवलीची_मैना | १२ जानेवारी, रात्री ८:४०

टाकला आहे. लाल आहे, फोटोत गुलाबी दिसतोय. हे उन्हाळ्यातही असंच राहील ना?

---

गंगापूररोडची_माळीण | १२ जानेवारी, रात्री १०:१०

नाही. त्याचा वैरी मे महिना, आणि मेमधून वाचलं तर आपला पाऊस. चाळीस अंशांत ते दम टाकतं आणि जुलैत देठापासून काळं पडून सडतं. बाळू तिकडे हिवाळ्यातून जिरेनियम काढतो, आपल्याला उन्हाळा-पावसाळ्यातून काढावं लागतं.

म्हणून फेब्रुवारीत, फुलं भरात असतानाच, दोन-तीन फांद्यांची कलमं कर. फूल नसलेली, बोटभर लांबीची, पेराच्या जरा खाली कापलेली. खालची पानं काढ आणि कलमं अर्धा दिवस सावलीत उघडी ठेव म्हणजे काप सुकतो. मग ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोच. वर पिशवी घालू नकोस, दमट झालं की ती कुजतात. मुळं धरली की एप्रिलपासून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत, दुपारचं ऊन चुकवून. पाऊस सुरू झाला की छज्ज्याच्या पार आत, वाऱ्यावर, आणि पाणी काडीला विचारून. मोठं झाड गेलं तर जाऊ दे, ही पोरं ऑक्टोबरात ग्रिलवर येतील.

एक कलम शंकासुरांसाठी वेगळं ठेव.

---

शंकासुर | १२ जानेवारी, रात्री १०:१८

पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. कुंडी पण द्या.